आधी ओल, मग रंग : जुन्या स्वयंपाकघराला कमी खर्चात नवे रूप

काळ्या कडाप्प्याचा ओटा, त्यामागे हात-दीड हात उंचीच्या सहा इंची पांढऱ्या टाइल्स, ओट्याखाली दारे नसलेले कप्पे, वर भांड्यांची मांडणी आणि मध्यभागी एकच दिवा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या अनेक घरांतील स्वयंपाकघर आजही याच रूपात आहे. त्याहून जुन्या चिऱ्यांच्या, कौलारू घरांत चुलीची जागा गॅसने घेतली. पण धुराने काळवंडलेले वासे, शेवाळी कोपरे आणि अंधार तसाच राहिला. अशा स्वयंपाकघराला नवे रूप द्यायचे म्हटले की तयार मॉड्युलर स्वयंपाकघराची जाहिरात डोळ्यांसमोर येते. तिचा आकडा ऐकला की बेत पुढच्या वर्षावर जातो.

प्रत्यक्षात यातील बरेच काम घरच्या माणसांना चार-पाच सुट्ट्यांत, मोजक्या साहित्यात करता येते. अट एकच, कामाचा क्रम चुकता कामा नये. आपल्या हवामानात पैसा वाया जातो तो बहुधा दिखाऊ भागावर आधी खर्च केल्यामुळे. ओल्या भिंतीवर चढवलेला महागडा रंग एका पावसाळ्यात पापुद्रे धरतो आणि गळक्या सिंकखाली बसवलेले नवे कपाट दोन वर्षांत फुगते. म्हणून पाणी, गॅस आणि वीज ही तीन कामे प्रथम. भिंती आणि ओटा त्यानंतर. कपाटे आणि सजावट सर्वांत शेवटी, हा क्रम प्रस्तुत लेखात धरला आहे.

कामाला योग्य काळ

चतुर्थीच्या तोंडावर घर रंगवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मात्र चवथ येते ती भर पावसाळ्यात किंवा त्याच्या उतरणीला. त्या वेळी चिऱ्याची भिंत आतपर्यंत पाणी प्यायलेली असते. वरून कोरडी भासणारी अशी भिंत रंगवली की आतली वाफ बाहेर पडण्यासाठी रंगाचा थर ढकलते आणि दिवाळीपर्यंत फोड दिसू लागतात. गिलावा, पुट्टी आणि रंग ही कामे फेब्रुवारी ते मे या काळात उरकावीत. चवथीपूर्वी केवळ धुणे-पुसणे, कपाटांची डागडुजी, मुठी बदलणे अशी कोरडी कामे ठेवावीत.

पाहणी : खर्चापूर्वीचे दोन दिवस

एक वही घेऊन स्वयंपाकघराची चारही बाजूंनी पाहणी करावी. पुढील गोष्टी नोंदवाव्यात.

ओल कोठे आहे आणि ती कोठून येते? जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतची आडवी ओल बहुधा जमिनीतून वर चढलेली असते. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातील ओल कौलातून किंवा गच्चीतून येते. सिंकच्या मागचा एकटा डाग नळाच्या वा सांडपाण्याच्या जोडातून आलेला असतो. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत.

शंका असल्यास एक सोपी चाचणी करावी. एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूस दिसले, तर खोलीतील वाफ बाहेर जात नाही असे समजावे. तेथे भिंतीपेक्षा खेळत्या हवेची सोय करणे महत्त्वाचे.

लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, तेही पाहावे. ती वाळवीची खूण आहे. वाळवी जिवंत असेल, तर तिचा बंदोबस्त जाणकाराकडून करून घेतल्याशिवाय नवे लाकूड घरात आणू नये.

शेवटी ओट्याची उंची मोजावी. ताठ उभे राहून कोपर काटकोनात दुमडावे. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असणे सोयीचे. ओटा फारच ठेंगणा असल्यास तो फोडण्याची घाई करू नये. चिरण्यासाठी पाये असलेला जाड लाकडी पाट ओट्यावर ठेवला, तर पाठीचा त्रास बराच कमी होतो. शेगडीखाली मात्र असे काहीही ठेवू नये.

पैशांची वाटणी

आकडा प्रत्येक घराचा वेगळा असणार. वाटणीचे प्रमाण मात्र सर्वांना उपयोगी पडते. समजा, हाताशी ३०,००० रुपये आहेत. त्यांतील १२,००० पाणी, वीज आणि गॅस यांसाठी. ७,५०० भिंती आणि रंगासाठी. ३,००० टाइल्स व ओट्यासाठी. ४,५०० कपाटांसाठी वेगळे काढावेत आणि ३,००० रुपये राखीव ठेवावेत. जुन्या घरात एक टाइल काढली की तिच्यामागचा गिलावाही हातात येतो. राखीव रक्कम त्यासाठी लागते. पहिल्या तीन गोष्टी सुस्थितीत असतील, तर उरलेला पैसा खुशाल कपाटांकडे वळवावा.

पाणी : सिंक, नळ आणि सांधे

सिंकची कड आणि ओट्याचा दगड यांमधील सांधा हे जुन्या स्वयंपाकघराचे सर्वांत दुबळे ठिकाण. तेथील जुने काळपट सिलिकॉन वा सिमेंट धारदार पातीने पूर्ण खरवडून काढावे. जुन्यावर नवे सिलिकॉन धरत नाही. जागा पुसून रात्रभर कोरडी होऊ द्यावी. सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून मधोमध बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनची एकसलग धार सोडावी, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती दाबून सारखी करावी आणि लगेच पट्टी काढावी. पुढचे २४ तास तेथे पाणी लागू देऊ नये.

ठिबकणारा नळ बदलणे अवघड नाही. आधी पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा. घरगुती नळांचे आटे सामान्यतः अर्ध्या इंचाचे असतात. नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळावी; उलटी गुंडाळल्यास नळ फिरवताना ती उलगडते. वायसर झिजणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळापेक्षा पाव फेऱ्यात उघडणारा सिरॅमिक डिस्कचा नळ अधिक काळ टिकतो.

सिंकखालच्या सांडपाण्याच्या नळीला वळसा असतो आणि त्यात थोडे पाणी साचून राहते. तेच पाणी गटाराची दुर्गंधी आणि झुरळे यांना अडवते. तो वळसा काढून सरळ नळी जोडण्याची चूक अनेक ठिकाणी आढळते. नळी बदलताना वळसा अवश्य ठेवावा.

गॅस : ओट्याची मांडणी बदलण्यापूर्वी

शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी आणि सिलिंडर उभाच ठेवावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याखालच्या कप्प्याला दार लावायचे झाल्यास त्या दाराला तळाशी आणि वर अशी दोन्हीकडे जाळी किंवा भोके हवीत. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची ‘सुरक्षा’ प्रकारची, मध्ये जोड नसलेली आणि दीड मीटरपेक्षा लांब नसावी. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षे झाली की, वरून धडधाकट दिसली तरी, ती बदलावी. नळी भिंतीतून किंवा कपाटाच्या फळीतून आरपार नेऊ नये, कारण दृष्टीआड झालेली चीर कळत नाही.

शेगडी खिडकीसमोर ठेवल्यास वाऱ्याने ज्योत विझू शकते आणि पडदा पेट घेऊ शकतो. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

वीज : एका प्लगवर किती भार

जुन्या स्वयंपाकघरात एखाददुसराच प्लग असतो आणि त्याच्यावर मिक्सर, फ्रिज, इंडक्शन शेगडी असा सारा संसार लोंबकळत असतो. यामागचे गणित सोपे आहे. सहा अँपिअरचा लहान प्लग २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॉटपर्यंतच भार पेलतो. ५०० ते ७५० वॉटचा मिक्सर त्यावर चालतो. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी किंवा १,५०० वॉटची पाण्याची किटली त्यावर लावणे धोक्याचे. अशा उपकरणांना १६ अँपिअरचा वेगळा प्लग आणि त्याला साजेशी जाड तार हवी.

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. त्याच वेळी घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही ते तपासून घ्यावे. ओल्या हाताने धक्का बसण्याच्या प्रसंगी क्षणार्धात वीज तोडणारे हे उपकरण रंगाच्या कोणत्याही डब्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. प्लग सिंकपासून निदान दोन फूट दूर असावा आणि शेगडीच्या वर कधीही नसावा.

भिंती : धुणे, खरवडणे, रंगवणे

तेलकट भिंतीवर रंग धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून, हातमोजे घालून भिंत वरपर्यंत घासावी आणि स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावी. बुरशीचे काळे ठिपके असतील, तर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असे मिश्रण लावून दहा मिनिटांनी पुसावे. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा शौचालय धुण्याचे द्रव चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. भिंतीवर पांढरी मिठासारखी भुकटी आली असेल, तर ती कोरड्या ब्रशने झाडून काढावी. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात आणि भिंत वाळली की परत वर येतात.

जुना रंग खरवडताना आणखी एक दक्षता हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः दारे-खिडक्यांच्या तैलरंगांत, शिसे असू शकते. अशा पृष्ठभागावर कोरडा पॉलिश पेपर मारल्यास धूळ श्वासावाटे शरीरात जाते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक. पाण्याचा पॉलिश पेपर वापरून पृष्ठभाग ओला ठेवून घासावे, तोंडाला मास्क बांधावा, मुलांना आणि गर्भवतींना त्या काळात दूर ठेवावे, खाली पसरलेला कागद गुंडाळून टाकावा. रंग घट्ट बसलेला असेल, तर तो न उकरता त्यावरच प्रायमर मारणे अधिक शहाणपणाचे.

फुगलेला गिलावा ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज येतो. तेवढा भाग काढून नव्याने गिलावा करावा, किमान सात दिवस त्यावर पाणी मारावे आणि रंगापूर्वी तो सुमारे चार आठवडे वाळू द्यावा. पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घ्यावी. दमट हवेत ती अधिक टिकते. जुन्या तैलरंगावर मात्र ती धरत नाही. तेथे रंग घासून काढणे किंवा वेगळा प्रायमर लावणे आवश्यक.

चिऱ्याच्या भिंतींचा विचार वेगळा करावा लागतो. चिरा सच्छिद्र असतो. तो ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर तैलरंगाचा किंवा प्लास्टिकसारख्या जाड थराचा लेप दिला, तर ओल आत कोंडते आणि गिलाव्यासकट सुटून येते. अशा भिंतींना चुन्याचा हात अजूनही उत्तम आणि सर्वांत स्वस्त. तो दर दोन-तीन वर्षांनी द्यावा लागतो, पण भिंत मोकळी राहते. शेगडीच्या मागे तेवढ्याच टाइल्स लावाव्यात.

रंगाचा हिशेब खरेदीपूर्वी करावा. १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ९ फूट उंच खोलीच्या चार भिंती ३२४ चौरस फूट भरतात. दार, खिडकी आणि टाइल्स वजा जाता सुमारे २७० चौरस फूट उरतात. धुता येणारा इमल्शन रंग दोन हातांसाठी लिटरला १०० चौरस फूट धरला, तरी तीन लिटर पुरतात. दर लिटरचे क्षेत्र डब्यावर लिहिलेले असते. अंधाऱ्या खोलीस फिका, थोडा पिवळसर रंग द्यावा. छताला पांढरा रंग दिल्यास उजेड वाढल्यासारखा वाटतो.

टाइल्स आणि ओटा

टाइल्स घट्ट असतील, तर त्या फोडू नयेत. बहुतेकदा टाइल्स चांगल्या असतात आणि सांधे काळे पडलेले असतात. सांध्यांतील जुने सिमेंट टोकदार हत्याराने दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढावे आणि त्यात इपॉक्सी ग्राउट भरावे. साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा ते महाग पडते. पण पाणी शोषत नाही. ज्या घरात रोज मासळी साफ होते, तेथे सिंकभोवतालच्या सांध्यांत मुरणारा वास यानेच जातो. इपॉक्सी लवकर घट्ट होते, म्हणून थोडे-थोडेच कालवावे आणि टाइलवर सांडलेले लगेच पुसावे.

टाइल्सचा रंगच नको असेल, तर टाइल्ससाठी मिळणारा इपॉक्सी रंग लावता येतो. त्याआधी टाइल्सची चकाकी बारीक पॉलिश पेपरने मोडावी लागते. शेगडीच्या थेट मागे तो फार टिकत नाही. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे स्टिकर त्या ठिकाणी लावूच नयेत. ते उष्णतेने सुटतात, पेटू शकतात आणि पावसाळ्यात त्यांच्यामागे बुरशी धरते.

कडाप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर, आमसुलाचे पाणी यांतील आम्ल त्याला खाते आणि पांढुरके डाग पडतात. अ‍ॅसिडने ओटा धुण्याची सवय असेल, तर ती प्रथम सोडावी. खरबरीत झालेला कडाप्पा पाण्याच्या पॉलिश पेपरने, आधी जाड आणि मग बारीक, घासून काढावा. पूर्ण वाळल्यावर खोबरेल तेलाचा पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने पुसावा. काळा रंग पुन्हा खुलतो. ओट्याच्या दर्शनी कडेची फुटलेली जागा इपॉक्सी पुट्टीने भरून घासता येते. लाल कोब्याची जमीन असल्यास तीही सौम्य साबणाने धुऊन मेणाचा पातळ थर देऊन जपावी. मेण अधिक झाल्यास पाय घसरतो.

कपाटे : टाकण्यापूर्वी दुरुस्ती

ढिली झालेली दारे बहुधा बिजागरीच्या भोकांमुळे ढिली होतात. भोकात गोंद लावलेली बांबूची काडी ठोकून भरावी, गोंद वाळल्यावर वरचा भाग कापावा आणि त्याच ठिकाणी पुन्हा स्क्रू बसवावा. समुद्राजवळच्या घरांत साध्या लोखंडी बिजागऱ्या खाऱ्या हवेने लवकर गंजतात. तेथे ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या घ्याव्यात.

मुठी बदलल्याने कपाटाचा चेहरा सर्वांत कमी खर्चात बदलतो. जुन्या मुठीच्या दोन भोकांमधील अंतर मोजूनच दुकानात जावे; ९६ आणि १२८ मिलिमीटर ही नेहमीची मापे. लाकडी दारांना घासून, प्रायमर देऊन एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. सनमायका लावलेल्या दारांना गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा खास प्रायमर लागतो. तो न लावता दिलेला रंग नखाने निघतो.

उघड्या कप्प्यांना नवी दारे लावणे परवडत नसेल, तर ॲल्युमिनियमच्या दांडीवर धुता येणारा सुती पडदा पुरतो. सिलिंडरच्या आणि शेगडीखालच्या कप्प्यांना मात्र पडदा नको. नवे प्लायवूड घ्यायचे झाल्यास सिंकजवळ आयएस ७१० मानकाचे घ्यावे. पाण्यात न टिकणारे एमआर दर्जाचे प्लायवूड स्वस्त असले तरी तेथे निरुपयोगी. कापलेल्या प्रत्येक कडेला रंग किंवा पट्टी लावावी, कारण पाणी कडेतूनच शिरते. कांदे-बटाट्यांसाठी बाजारातल्या बांबूच्या टोपल्या कोणत्याही बंद खणापेक्षा बऱ्या. त्यांत हवा खेळते.

उजेड आणि हवा

कौलारू स्वयंपाकघरात मंगळुरी कौलाच्याच मापाची एक-दोन काचेची कौले बसवली, तर दिवसभर दिवा लावावा लागत नाही. इतक्या अल्प खर्चात एवढा बदल दुसऱ्या कशानेही होत नाही. फ्लॅटमध्ये वरच्या फळीखाली एलईडीची पट्टी लावावी, म्हणजे उभ्या माणसाची सावली चिरण्याच्या जागेवर पडत नाही. एक्झॉस्ट पंखा भिंतीत शक्य तितका वर आणि हवा आत येते त्या दाराच्या समोरच्या बाजूस बसवावा. तो दाराशेजारीच असेल, तर बाहेरची हवा तेथल्या तेथे ओढली जाते आणि वाफ मागे राहते.

जे स्वतः करू नये

चिऱ्याच्या घरात भिंतीच छपराचा भार पेलतात. फडताळासाठी वा खिडकीसाठी भिंत फोडण्यापूर्वी अभियंत्याला विचारावे. पडवीतल्या स्वयंपाकघरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्यांना भोके पाडणे, कापणे, घासणे टाळावे, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. गॅसची जोडणी आणि विजेचे नवे वायरिंग यांतही घरगुती हात नको. भाड्याच्या घरात घरमालकाची आणि सोसायटीत नळांच्या कामापूर्वी समितीची परवानगी घ्यावी.

कामाचा क्रम

पहिल्या सुट्टीत पाहणी, सामान बाहेर काढणे आणि धुणे. दुसऱ्या सुट्टीपर्यंत प्लंबर व इलेक्ट्रिशियन यांची कामे, सिंकचा सांधा आणि गिलाव्याची डागडुजी. गिलावा वाळेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत कपाटांची दारे उतरवून अंगणात वा गॅलरीत रंगवून घ्यावीत. त्यानंतरच्या सुट्टीत पुट्टी आणि प्रायमर, पुढच्या सुट्टीत रंग, आणि शेवटी टाइल्सचे सांधे, ओटा व मुठी. या काळात शेगडी आणि पाण्याची तात्पुरती सोय दुसऱ्या खोलीत किंवा पडवीत करावी; मात्र गॅस तेथे हलवण्यापूर्वी जागा मोकळ्या हवेची आहे याची खात्री करावी.

भिंत बुजवण्यापूर्वी नळांची आणि तारांची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पुढे खिळा ठोकताना घात होत नाही. रंगाचा क्रमांक, बिजागरीचे माप आणि गॅसच्या नळीची तारीख एका कागदावर लिहून कपाटाच्या दारामागे चिकटवावी. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा सर्व कोपरे पाहावेत. ओल परतली असेल, तर तेव्हाच ती नोंदवून पुढच्या उन्हाळ्यातील पहिले काम म्हणून ठेवावी.